दिवस म्हणजे किती?

शब्दांची चिकित्सा हे पंडितांचे काम. मी पंडित नव्हे. पण मजुरांची पुष्कळशी भांडणे 'दिवस' या एका शब्दाच्या अर्थावरून चालत आलेली असल्यामुळे तो मला जवळून पाहावा लागला.

आपल्या बोलीत दिवस म्हणजे सूर्यसुद्धा. दिवस उगवतो, कासराभर वर येतो, मावळतो. असे म्हणताना डोळ्यांपुढे ते बिंबच असते. बाईला दिवस जातात, मेलेल्याचे दिवस घालतात, कोणाचे दिवस भरतात तर कोणाचे फिरतात. फारसीतून आलेला 'रोज' हाही मुळात दिवसच. मराठीने मात्र त्याला आणखी एक काम लावले, ते मजुरीचे. 'आज रोज किती पडला?' असे विचारणारा दिवसाची किंमतच विचारीत असतो. रोजंदारी, रोजगार, रोजकीर्द ही सारी त्याच घरची मंडळी. आणि रमजानचा रोजाही त्याच घरचा, हे भिवंडीत तरी मुद्दाम सांगावयास हवे.

आता हा दिवस सुरू केव्हा होतो? पंचांगाचा सूर्योदयाला, इस्लामी तारखेचा सूर्यास्ताला, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरविलेला मध्यरात्री! कायद्याच्या या दिवसाने सूर्याकडे पाहिलेच नाही. तसे होण्याला कारण घडले होते.

मुंबईच्या गिरण्या पूर्वी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. उन्हाळ्यात काम तेरा तासांपर्यंत जाई, थंडीत ते आपोआप कमी होई. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विसावा होता, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे अशीही मागणी होती. रविवार १८९० साली पदरात पडला. पण ही वेळेची मागणी नीट पाहा. सकाळची बाजू घड्याळावर बांधलेली आणि संध्याकाळची सूर्यावर. सूर्यास्त ही हद्द लोखंड्यांना भरवशाची वाटली असावी, कारण सूर्य काही मालकाच्या हुकमतीत नव्हता.

१९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ती हद्दच पुसली गेली. काम चौदा-पंधरा तासांवर गेले. सूर्य उपयोगाचा राहिला नाही, तेव्हा तास मोजणे भाग पडले. १९११ च्या कायद्याने पुरुष गिरणीकामगाराचा दिवस बारा तासांचा झाला, १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा, १९४६ ला नऊ आणि आठवड्याला ४८. पस्तीस वर्षांत तीन तास! हे तास कोणी दान दिलेले नाहीत. त्यांमागे संप आहेत, उपासमार आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर येथे हातमागावर बसले. १९३० नंतरच्या दशकात यंत्रमाग आले, आणि १९८२ च्या मुंबईच्या संपानंतर त्यांची संख्या फारच वाढली. यंत्रमागाला दोन पाळ्या, बारा-बारा तासांच्या. त्यांतल्या एकीला 'दिवसपाळी' म्हणतात. पण थंडीत ती सुटते तेव्हा दिवस केव्हाच मावळलेला असतो. म्हणजे मुंबईच्या गिरणीत १९११ साली जो दिवस होता, तोच येथे नव्या नावाने चालू आहे.

मग कायदा कोठे गेला? १९४८ च्या कायद्याला विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे लागत. म्हणून एकाच छपराखालचे माग दोन-तीन नावांवर वाटले जात, आणि कोणत्याच नावावर दहावा माणूस भरत नसे. २०२० च्या संहितेने ती संख्या वीस केली. आता वाटणीचीही तसदी पुष्कळांना नको.

शिवाय येथे मजुरी कापडावर. वीज गेली, सूत तुटत राहिले, तर बारा तास उभे राहूनही रोज पडत नाही. वहीत मीटर लिहिलेले असतात, तास नसतात, त्यामुळे तंटा उभा राहिला की मजुराजवळ दाखवावयास काही नसते. म्हणून मी प्रत्येकाला सांगत असतो: बाबा, खोलीतल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेखाली कामावर गेल्याची आणि परतल्याची वेळ लिहून ठेव. लिहिता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराकडून लिहवून घे.