रायव्हल्स

जिली कूपर यांच्या १९८८ सालच्या याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली ब्रिटिश मालिका. डॉमिनिक ट्रेडवेल-कॉलिन्स आणि लॉरा वेड यांनी ती पडद्यासाठी घडवली. आठ भागांचे पहिले पर्व १८ ऑक्टोबर २०२४ रोजी डिस्ने प्लसवर आले.

काळ १९८६चा, मार्गारेट थॅचर यांच्या राजवटीतला. स्थळ रटशर, म्हणजे कॉट्सवोल्ड्सच्या डोंगराळ मुलखात कूपर यांनी कल्पनेने वसवलेला परगणा. तिथल्या ‘कोरिनियम’ या खासगी दूरचित्रवाणी कंपनीचा सर्वेसर्वा लॉर्ड टोनी बॅडिंगहॅम (डेव्हिड टेनंट). पैसा आणि सत्ता हाती असूनही शेजारच्या रूपर्ट कॅम्बेल-ब्लॅकचे (अ‍ॅलेक्स हॅसल) जन्मजात खानदानीपण त्याला सलत राहते. रूपर्ट ऑलिंपिक गाजवलेला घोडेस्वार, हुजूर पक्षाचा खासदार आणि क्रीडामंत्री; बायकांच्या बाबतीत बदनाम. टोनी बीबीसीतून डेक्लन ओहारा (एडन टर्नर) हा मुलाखतकार फोडून आणतो, पण दोघांचे फाटते. मग डेक्लन, रूपर्ट आणि स्वकष्टाने श्रीमंत झालेला फ्रेडी जोन्स (डॅनी डायर) ‘व्हेंचरर’ नावाची कंपनी काढून कोरिनियमच्या परवान्यावरच दावा सांगतात.

हा परवाना समजून घेतल्याशिवाय कथेतली ईर्ष्या कळत नाही. ब्रिटनमध्ये १९५५ला सुरू झालेली आयटीव्ही ही प्रादेशिक कंपन्यांची साखळी होती आणि आपापल्या प्रदेशातल्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर त्या कंपन्यांची जवळजवळ मक्तेदारी असे. ‘स्कॉटिश टेलिव्हिजन’चे रॉय थॉमसन यांनी तर अशा परवान्याला नोटा छापण्याचा परवानाच म्हटले होते. तो ठरावीक मुदतीचा असे. १९८०च्या फेरवाटपात ‘सदर्न’ आणि ‘वेस्टवर्ड’ या जुन्या कंपन्यांनी आपले प्रदेश गमावले. लिलावाची पद्धत आली ती १९९०च्या कायद्याने. तोवर नियामक प्राधिकरण कार्यक्रमांचा दर्जा, स्थानिक बांधिलकी आणि अर्जदारांची लायकी पाहून निर्णय देई. माणसाची पतच तोलली जात असल्याने इथे शय्यागृहातली कुजबुज व्यवहारातले हत्यार ठरते. कूपर यांनी हे अचूक हेरले, आणि मालिकेचा कणाही तोच आहे.

म्हणूनच प्रेमप्रकरणे इथे कथानकाला डकवलेली वाटत नाहीत. टोनीने अमेरिकेतून आणलेली निर्माती कॅमेरन कुक (नफेसा विल्यम्स) त्याची सहकारी आणि प्रेयसी, दोन्ही आहे. ती कोणाच्या बाजूने उभी राहते यावर परवान्याचा तोल हलतो. कादंबरीतली ही गोरी स्त्री पडद्यावर कृष्णवर्णीय झाली आहे, त्यामुळे त्या गोऱ्या, उच्चभ्रू वर्तुळातला तिचा एकटेपणा अधिक टोकदार होतो. रूपर्ट आणि डेक्लनची तरुण मुलगी टॅगी यांच्यातल्या ओढीत वयाचे मोठे अंतर आहे. ते अवघडलेपण मालिका टाळत नाही.

पण मनात घर करून राहतात ती लिझी व्हेरेकर (कॅथरीन पार्किन्सन) आणि फ्रेडी. नवऱ्याच्या लेखी नसल्यासारखी झालेली एक लेखिका आणि बायकोच्या प्रतिष्ठेच्या हव्यासाने थकलेला एक उद्योजक यांच्यात हळूहळू उमलत जाणारे प्रेम, हे या मालिकेचे सर्वांत सुंदर लेखन आहे. टेनिसच्या मैदानावरच्या नग्न खेळाची चर्चा फार झाली. या दोघांच्या साध्या गप्पांची त्याहून अधिक व्हायला हवी होती.

‘रायव्हल्स’ ही कूपर यांच्या रटशर-कादंबऱ्यांपैकी एक; त्यांतले पहिले पुस्तक ‘रायडर्स’ १९८५चे. त्याचे पहिले हस्तलिखित कूपर लंडनच्या बसमध्ये विसरल्या होत्या आणि ते कधीच सापडले नाही. कादंबरी त्यांनी पुन्हा लिहून काढली. त्यांच्या लेखनाला समीक्षकांनी बराच काळ हलकेफुलके म्हणून बाजूला ठेवले. मालिकेने मात्र त्यातला वर्गभेद, स्त्रियांची घुसमट आणि विनोद मनापासून उचलला. कूपर स्वतः कार्यकारी निर्मात्या होत्या.

टोनीच्या डोक्यात कॅमेरनने एक पारितोषिक हाणल्यावर पहिले पर्व संपते. डिसेंबर २०२४मध्ये दुसरे पर्व जाहीर झाले. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी कूपर यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.