ऐन थंडीत फळझाडांची लागवड? ब्रिटनमधले बागकाम करणारे असं का करतात?

बाहेर पारा दोन-चार अंशांवर, दुपारी चारलाच अंधार आणि झाडांवर एक पान नाही. अशा दिवसांत ब्रिटनमधले लोक हातमोजे चढवून परसात खड्डे खणताना दिसतात. रास्पबेरी, ब्लॅक करंट, रेड करंट, गूसबेरी अशा मऊ फळांची लागवड तिथे नोव्हेंबर ते मार्च या काळात होते.

पावसाच्या तोंडावर रोपं लावायची सवय असलेल्या आपल्याला हे उलटं वाटेल. पण त्यामागे साधं गणित आहे.

पानं झडली की झाड मेलं का?

नाही. दिवस लहान होऊ लागले आणि गारवा वाढला की ही झुडपं पानं गाळतात आणि सुप्तावस्थेत जातात. झाडातलं पाणी मुख्यतः पानांतून बाहेर पडतं. पानंच नसली की पाण्याची गरज अगदी कमी होते. म्हणूनच या काळात झुडूप जमिनीतून उपटलं, मुळांची माती झटकली आणि दुसरीकडे लावलं, तरी ते सहसा मान टाकत नाही. हेच जूनमध्ये केलं, तर ते दोन दिवसांत सुकून जाईल.

रोपवाटिका याचाच फायदा घेतात. कुंडी नाही, माती नाही, नुसती उघड्या मुळांची रोपं त्या विकतात. वजन कमी असल्याने ती पाठवायला सोपी जातात आणि कुंडीतल्या रोपांपेक्षा स्वस्तही पडतात. शिवाय जमीन हवेपेक्षा हळू थंड होते. त्यामुळे वर सगळं निपचित दिसत असलं, तरी गोठण नसलेल्या दिवसांत मुळं मातीत थोडीथोडी रुजत असतात. वसंतात डोळे फुटतात, तेव्हा झाडाचा पाया तयार असतो.

मग हिवाळ्यात कधीही लावलं तर चालतं?

इथेच नवखे लोक फसतात. थंडी चालते, पण गोठलेली किंवा चिखल झालेली जमीन चालत नाही. गोठलेल्या ढेकळांमध्ये मुळांभोवती पोकळी राहते. पाणी साचलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. आपले शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट बघतात, तसंच हे.

रोपं घरी आली आणि नेमकी जमीन गोठलेली असेल तर? अशा वेळी मुळं ओलसर गोणपाटात गुंडाळून रोपं थंड, पण गोठण नसलेल्या जागी ठेवतात. काही दिवस थांबावं लागणार असेल, तर आडोशाच्या मऊ मातीत ती तात्पुरती पुरून ठेवतात. मुळं उघडी राहून वाळली, तर रोप गेलंच म्हणून समजा.

कोणतं झुडूप कसं लावतात?

रास्पबेरी: दोन रोपांत साधारण 45 ते 60 सेंटीमीटर अंतर ठेवतात. मुळं खोल न पुरता पसरून लावतात. पाणी साचणाऱ्या जागी हे झाड टिकत नाही.

ब्लॅक करंट: रोपवाटिकेत होतं त्यापेक्षा पाचेक सेंटीमीटर खोल लावतात, म्हणजे जमिनीखालून नवे फुटवे येतात. लावल्यावर सगळ्या फांद्या जमिनीलगत एक-दोन डोळे ठेवून छाटतात. त्यामुळे पहिल्या वर्षी फळ मिळत नाही, पण झुडूप दणकट होतं.

रेड करंट आणि गूसबेरी: यांना छोटं खोड ठेवतात, म्हणून ही झुडपं आधीच्याच खोलीवर लावतात.

स्ट्रॉबेरी: हा मोठा अपवाद आहे. थंड, ओल्या मातीत तिचा गड्डा कुजतो. म्हणून तिथेही ती ऐन हिवाळ्यात न लावता उन्हाळ्याच्या शेवटी किंवा वसंताच्या सुरुवातीला लावतात.

लावून झाल्यावर माती पायाने घट्ट दाबतात. रात्री जमीन गोठली की फुगते आणि रोपाला वर उचलते. म्हणून कडाक्याच्या थंडीनंतर फेरी मारून सैल झालेली रोपं पुन्हा दाबावी लागतात.

थंडी फक्त सहन करायची की हवीच असते?

हवीच असते. ठराविक तास कमी तापमानात काढल्याशिवाय या झाडांचे डोळे नीट उघडत नाहीत. साधारणपणे सात अंशांखालचे तास यासाठी मोजले जातात. ब्लॅक करंटच्या अनेक जातींना असे हजाराहून बरेच जास्त तास लागतात.

हा हिशेब आता बिघडतोय. हिवाळे उबदार होऊ लागले, तसे डोळे उशिरा आणि मागेपुढे फुटतात. फळं एकाच वेळी पिकत नाहीत आणि उत्पादन घटतं. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आयात आटली, तेव्हा ब्रिटनने मुलांना क जीवनसत्त्व मिळावं म्हणून ब्लॅक करंटचं सरबत वाटलं होतं. त्याच पिकासाठी आज स्कॉटलंडमधल्या डंडीजवळच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटमध्ये कमी थंडीवर भागणाऱ्या जाती शोधल्या जात आहेत.

याउलट डोळे फुटल्यावर आलेली थंडी घातक असते. एप्रिल-मे महिन्यांतल्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्री फुलं करपतात. म्हणूनच माळी फुलोऱ्यावर रात्री कापड टाकतात आणि सकाळी काढतात.

महाराष्ट्रात हे जमेल का?

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिचं वेळापत्रक वेगळं आहे. पावसाळा ओसरताना लागवड होते आणि तिथला सौम्य हिवाळा फळांच्या तोडणीचा हंगाम असतो. वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दवबिंदू गोठतात, पण ती थंडी जेमतेम काही तासांची. ब्लॅक करंटला तेवढी पुरत नाही.

थंडी कमी पडली की काय करावं लागतं, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना चांगलं माहीत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ते काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ब्रिटनमध्ये जे काम हिवाळा फुकटात करतो, त्यासाठी इथे रसायन लागतं.

आणि आपल्याकडे मिळणारी रसभरी? कागदासारख्या आवरणातलं ते पिवळं फळ टोमॅटोच्या कुळातलं आहे. रास्पबेरी मात्र गुलाबाच्या कुळातली. नावं सारखी वाटली, तरी दोन्ही झाडं वेगळी आहेत.

परदेशात राहणाऱ्या कुणाला परसात रास्पबेरी लावायची असेल, तर थंडीला घाबरायचं कारण नाही. आधी मूठभर माती हातात घेऊन दाबायची. ती दगडासारखी कडक नसेल आणि तिच्यातून पाणी निथळत नसेल, तर खड्डा खणायला हरकत नाही.