'इलियड'मधील शोक आणि सूड : एक विचार

होमरचे 'इलियड' हे महाकाव्य सामान्यतः इ.स.पूर्व ८ व्या शतकातील मानले जाते. त्याचा पहिलाच शब्द 'क्रोध' या अर्थाचा आहे. अकिलीसचा हा क्रोध प्रारंभी अ‍ॅगमेम्नॉनने केलेल्या मानभंगातून उद्भवतो. १६ व्या सर्गात हेक्टरच्या हातून पॅट्रोक्लसचा वध झाल्यानंतर मात्र त्याचे मूळ शोकात असते. २२ व्या सर्गात हेक्टर मारला जातो. सूड पूर्ण होतो, तरीही काव्य संपत नाही. अकिलीस शवाची विटंबना करतो, मित्राच्या चितेवर १२ ट्रोजन युवकांचा बळी देतो. तथापि त्याला झोप येत नाही.

२४ व्या सर्गात वृद्ध राजा प्रायम पुत्राचे शव मागण्यास येतो आणि पुत्रहंत्याच्याच हातांचे चुंबन घेतो. त्याला पाहून अकिलीसला स्वतःचा पिता पेलियस आठवतो. दोघेही रडतात. अकिलीस शव परत करतो व अंत्यविधीसाठी ११ दिवस युद्ध थांबविण्याचे मान्य करतो.

युद्ध पुढे अटळच आहे. परंतु महाकाव्याचा शेवट ग्रीकांच्या विजयाने न होता हेक्टरच्या अंत्यसंस्काराने होतो. सूडाने न शमलेला शोक शत्रूच्या शोकाची ओळख पटल्यावर काही काळ तरी निवतो, हेच या वीरकाव्याचे सांगणे होय.