उतारवयातल्या केसांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाईच्या केसांवर जितकी शाई खर्च झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर झाली असेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते विधवांच्या दुरवस्थेतूनच. आगरकरांनी ‘सुधारक’मधून केशवपनावर कोरडे ओढले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूचे सक्तीचे केशवपन वाचून मराठी घरांतले वाचक हळहळले. हे सारे वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. या लेखनातली विधवा नेहमी कोवळी असते, बारा, सोळा, फार तर वीस वर्षांची. वस्तऱ्याखाली जाणारी तिची लांबसडक वेणी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणते. पण हीच मुलगी पन्नाशीला, सत्तरीला पोचली तेव्हा तिच्या केसांचे काय झाले? तिला कोणी विचारले का?

हा प्रश्न घेऊन मी पुन्हा जुनी पाने चाळली. तेव्हा लक्षात आले, की केशवपन हा शब्दच आपल्याला थोडा फसवतो. तो ऐकला की एकाच दिवशी घडलेला प्रसंग डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात केस पुन्हा वाढतात आणि न्हावी पुन्हा येतो. मागल्या दाराने यायचे, परसात बसायचे, डोके करायचे आणि जायचे, असा हा क्रम बाई मरेपर्यंत चाले. विसाव्या वर्षी विधवा झालेली बाई सत्तर वर्षे जगली, तर पन्नास वर्षे ती दर काही दिवसांनी वस्तऱ्यासमोर मान वाकवत असे. कादंबरी पहिल्या वेळेपाशी थांबते, बाईचे आयुष्य मात्र त्यानंतर सुरू होते.

ही रूढी सर्व समाजांत नव्हती, हेही आधी सांगायला हवे. ती मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचे आचार उचलणाऱ्या काही जातींत होती. मराठा, कुणबी, माळी, धनगर अशा समाजांत विधवेचे डोके करण्याची चाल नव्हती, तिथे पाटाची, म्हणजे पुनर्विवाहाची, वाट अनेक ठिकाणी खुली होती. तरीही वैधव्याचा जाच सर्वत्र होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनी सरळ पुरुषांना विचारले, की बायको मेली म्हणून तुम्ही दाढीमिशा भादरून रानात जाऊन का बसत नाही? केस हा नियम केवळ एकाच बाजूला का, हा तो प्रश्न होता.

या नियमाला शास्त्राचा आधार किती? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाचा कीस काढला आहे. वेदांत, गृह्यसूत्रांत, मनू-याज्ञवल्क्यांच्या स्मृतींत विधवेच्या केशवपनाची आज्ञा सापडत नाही. जे वचन पुढे वारंवार दाखवले गेले ते स्कंदपुराणातले आहे. विधवेची बांधलेली वेणी मृत पतीला बंधनात टाकते, असा त्याचा भाव. म्हणजे केस तिच्या डोक्यावर, पण त्यांचा परिणाम परलोकातल्या नवऱ्यावर! अशा हिशेबात बाईच्या वयाला काही अर्थच उरत नाही.

सत्ता असलेल्या घरातही हा प्रश्न किती नाजूक होता, ते पेशव्यांच्या घराण्यात दिसते. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या, त्या परत आल्या. भाऊ खरोखर गेले यावर त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. भाऊंचा तोतया उभा राहिला, 1776 मध्ये त्याचे बंड मोडले, तरी पार्वतीबाई सुवासिनीच्याच वेशात राहिल्या. 1783 मध्ये त्या वारल्या, तेव्हा दोघांचे उत्तरकार्य करण्यात आले. बावीस वर्षे एका बाईने आपले रूप आपल्या म्हणण्याप्रमाणे ठेवले. पण त्यासाठी तिला नवरा जिवंत आहे असे म्हणावे लागले. ‘मला केस ठेवायचे आहेत’ एवढे कारण त्या काळी पुरेसे नव्हते.

सुधारकांच्या लेखनात सहसा न येणारी दुसरी बाजूही आहे. वय वाढत जाई तशी ‘सोवळ्या’ बाईला घरात एक प्रकारची प्रतिष्ठा मिळे. नैवेद्याचा, श्राद्धाचा स्वयंपाक तिच्या हातचा चाले, सकेशा विधवेच्या हातचे पाणीही कर्मठांच्या देवघरात चालत नसे. आलवण नेसलेली, डोके केलेली म्हातारी आजी घराच्या सोवळ्याओवळ्याची मालकीण असे. आयुष्यभर जे गमावले त्याच्या बदल्यात मिळालेला हा एवढाच अधिकार. म्हणूनच कित्येक घरांत नव्या विधवेला न्हाव्यापुढे बसवण्याचा आग्रह पुरुषांइतकाच म्हाताऱ्या सोवळ्या बायकांनी धरला. त्यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण सुनेने केस ठेवले तर आपण पन्नास वर्षे सोसले ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहत होता, आणि त्याचे उत्तर त्यांना कोणीच दिले नव्हते.

कायद्याने हा प्रश्न सुटला नाही. 1856 च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, परंतु डोके करणे घराच्या मागल्या दारी चालत असल्यामुळे कायद्याचा हात तिथवर पोचत नव्हता. तिथे पोचणारा माणूस एकच, न्हावी. म्हणून 1890 मध्ये मुंबईत घडले ते महत्त्वाचे. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाने विधवांचे डोके न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. दर काही दिवसांनी ठरलेले हे काम होते, म्हणजे कायमचे उत्पन्न होते. ते सोडणे ही गरिबाने केलेली खरी झीज होती. या संपाने रूढी एका फटक्यात बंद पडली नाही, पण ज्या कामाला सर्वजण धर्म म्हणत होते त्याला करणाऱ्यांनीच अन्याय म्हटले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. वय झालेल्या बाईने स्वतः आपल्या केसांविषयी निर्णय घेतला, असे उदाहरण त्या काळात आहे का? आहे, आणि ते पार्वतीबाई आठवले यांचे आहे. त्यांचा जन्म कोकणातला, 1870 चा. विशीत वैधव्य आले, पदरी लहान मुलगा. रूढीप्रमाणे त्यांचे केशवपन झाले. त्यांची थोरली बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पार्वतीबाईंनी ती वाट धरली नाही. त्या कर्व्यांच्या आश्रमात शिकल्या, तिथेच कामाला लागल्या, आणि संस्थेसाठी गावोगाव हिंडून, भाषणे करून पैसे जमवू लागल्या. हे सारे त्यांनी सोवळ्या बाईच्या वेशात केले.

पुढे चाळिशी ओलांडल्यावर, 1912 च्या सुमारास, त्यांनी न्हाव्याकडून डोके करून घेणे थांबवले आणि केस वाढू दिले. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी ही हकिगत सांगितली आहे. मला हा प्रसंग यमूच्या प्रसंगाहून मोठा वाटतो. विशीतल्या मुलीचे केस वाचवावेत यामागे तिच्या रूपाची हळहळ असते, पुढे तिचे लग्न होईल ही आशा असते. चाळिशी उलटलेल्या, मोठ्या मुलाच्या आईला केस कशाला हवेत? पुन्हा लग्न करायचे नाही, कोणाला आवडून घ्यायचे नाही. ‘आता या वयात काय करायचंय?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. त्याला पार्वतीबाईंच्या कृतीने दिलेले उत्तर मला असे दिसते, की हे डोके माझे आहे, आणि ते वाईट दिसावे असा नियम चुकीचा असेल तर तो विसाव्या वर्षी चुकीचा होता तसाच आजही आहे. टीका झालीच. त्यांनी काम सोडले नाही, उलट पुढे इंग्रजी शिकण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या.

केस काढणे नेहमी जुलूमच असते असेही नाही. प्रयागला त्रिवेणी संगमावर महाराष्ट्रातल्या सुवासिनी वेणीदान करतात, वेणीच्या टोकाचे चार बोटे केस कापून संगमात सोडतात. तिरुपतीला नवसाचे मुंडण करणाऱ्या बायकांना कोणी दीनवाणे समजत नाही. उलट केस ठेवणे हाही जुलूम होऊ शकतो. डोक्यात जट झाली की ती देवीची मानून कापू न देण्याची चाल आजही काही भागांत आहे. वर्षानुवर्षे ते ओझे मानेवर वागवणाऱ्या बायकांत वयस्क बायका बऱ्याच असतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून अशा अनेक जटा कापल्या. एका घरात वस्तऱ्याची सक्ती, दुसऱ्या घरात कात्रीची बंदी. दोन्हीकडे डोक्याची मालकीण सोडून बाकी सगळ्यांना त्या केसांचा अर्थ ठाऊक असतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केशवपन जवळपास संपले, पण त्याची सावली उरली. माझ्या लहानपणी मुलींच्या रिबिनीच्या दोन वेण्या, लग्नानंतर एक वेणी किंवा अंबाडा, त्यावर गजरा, आणि म्हातारपणी पदराखालचा बारीक बुचडा, असे वयाचे पंचांगच डोक्यावर लिहिलेले असे. सुवासिनीने केसांना कात्री लावू नये हे आमच्याकडे निक्षून सांगितले जाई. तरुण मुलीच्या बॉबकटला फॅशन म्हणून नाक मुरडत, मात्र साठीच्या बाईने केस कापले तर घरात खरी अस्वस्थता पसरे. याचे कारण माझ्या मते फॅशनमध्ये नव्हते. म्हाताऱ्या बाईचे आखूड केस पाहिले की त्या पिढीला आलवणातली आजी आठवत असे. लांब केस म्हणजे सौभाग्य हे समीकरण वस्तरा गेल्यावरही टिकून होते.

पुढे कलप आला, त्याने नवा नियम घालून दिला. पूर्वी म्हातारीने तरुण दिसू नये असा दंडक होता, आता तिने म्हातारी दिसू नये असा झाला. ‘माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत’ असे अभिमानाने म्हणणारा समाज बाईच्या भांगात पांढरी रेघ दिसली की ‘बरं नाही का?’ विचारतो. 2020 च्या टाळेबंदीत पार्लरे बंद होती. तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी कलप सोडला तो पुन्हा लावलाच नाही. काहींनी दुकाने उघडताच पहिला नंबर लावला. मी पहिल्या गटातली. पण दुसऱ्या गटातल्या मैत्रिणींना मी मागासलेल्या समजत नाही. निर्णय त्यांनी घेतला असेल तर काळा रंगही त्यांचाच आहे.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. या यादीत केस आता लिहावेही लागत नाहीत, ही सव्वाशे वर्षांची कमाई आहे.

तरीही केसांचा प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. गेल्या वर्षी एका वृद्धाश्रमात गेले होते. तिथल्या जवळजवळ सर्व आजींचे केस मानेवर सारखे कापलेले होते. व्यवस्थापिका मनमोकळ्या होत्या. म्हणाल्या, “सोयीचं पडतं हो. उवा होत नाहीत, न्हायला सोपं जातं, आणि हातही वर जात नाहीत त्यांचे.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. खांदा धरला की वेणी घालता येत नाही, हे मीही अनुभवते आहे, आणि लांब केस रोज विंचरायला माणसे लागतात. पण तिथे दाखल होताना भरायच्या अर्जात पथ्य, औषधे, रक्तगट, उपासाचे वार असे सारे विचारलेले होते, केसांचा रकाना नव्हता. कोपऱ्यातल्या एका आजींना मी विचारले, “तुम्हाला आवडतात का आखूड केस?” त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “हलकं वाटतं गं. पण आधी विचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं की, कापा म्हणून.”