घरातली शाळा आणि सगळ्यांची वही

२०२० च्या टाळेबंदीनंतर एक प्रश्न मला दर वर्षी मे-जूनमध्ये हमखास विचारला जातो. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवलं तर? विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. कुणी राबोडीहून येतात, कुणी मुंब्र्याहून, काही इथल्याच, नौपाड्यातल्या. कारणं निरनिराळी असतात. फी झेपत नाही. वर्गात मूल बुजतं. इंग्रजी शाळेत घातल्यापासून उर्दू सुटली. उर्दू शाळेत घातलं तर मराठी कच्ची राहते. प्रश्नाच्या मागोमाग सल्ल्यांची यादीही येते. नणंदेने हे सांगितलं, खालाने ते सांगितलं, मोबाइलवर कुणी तिसरंच पाठवलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. करताना वर्ग कसा सांभाळायचा हे शिकले, घर ही शाळा कशी होते हे तिथे कुणी शिकवलं नाही. पण इतिहासात त्याचे धडे आहेत आणि त्यातले काही तर आपल्या अगदी शेजारचे आहेत. आज त्यातल्या तीन घरांबद्दल, म्हणजे खरं तर दोन घरं आणि एका अंगणाबद्दल लिहायचं आहे.

पहिलं घर कल्याणचं. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा, माहेर कल्याणच्या जोश्यांचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने वीसेक वर्षांनी मोठे. बायकोला शिकवीन, ही त्यांची लग्नाआधीचीच अट होती. शिक्षण घरातच सुरू झालं. पुढे अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता अशा बदल्या झाल्या तरी ते चालू राहिलं. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. त्यानंतर डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनाने घेतलं. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. वय २२ सुद्धा पुरं नव्हतं.

ही गोष्ट आपण शाळेत ‘थोर पती, थोर पत्नी’ अशी शिकतो. पण तिला दुसरी बाजू आहे. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात सापडली म्हणून या मुलीला मार बसला. अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी त्या लहान वयातल्या मारहाणीची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची स्पष्ट आठवण करून दिली आहे. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, दोन्ही म्हणावं लागेल, असा त्या पत्राचा आशय आहे. इतक्या संयमाने केलेली तक्रार वाचून शिक्षक म्हणून माझी मान खाली जाते. शाळेत एक शिक्षक रागावला तर दुसरा असतो, मैत्रीण असते, मधली सुट्टी असते. घरातल्या शाळेत शिक्षक, परीक्षक आणि घरधनी एकच माणूस असेल, तर मुलाने दाद कुणाकडे मागायची?

त्याच काळात पुण्यात रमाबाई रानडे शिकत होत्या. १८७३ च्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि पतीने लगेच शिकवायला घेतलं. इथे मार नव्हता, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा सल्ला होता. तो म्हणे, हळूहळू मागे घे, फार वाचू नको, पुरुष म्हणतात म्हणून सगळं ऐकायचं नसतं. रमाबाईंनी आपल्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यात हा ताण सविस्तर आला आहे. घराघरांतून फिरणारा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, म्हणून तो बरोबरच असतो असं नाही, एवढं यातून घ्यावं.

उर्दूत सल्ल्याची परंपरा पुस्तकांतून आली. डेप्युटी नज़ीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला द्यावं असं पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. ते ‘मिरात-उल-उरूस’ १८६९ मध्ये छापून आलं. त्यातली असगरी पुढे आपल्या घरातच मोहल्ल्यातल्या मुलींची शाळा चालवते, ती हकीकत ‘बनात-उन-नाश’मध्ये येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांचं ‘बहिश्ती ज़ेवर’ आलं. अक्षरओळखीपासून पत्रलेखन, हिशेब, औषधोपचार, स्वयंपाक, मसले, सगळं त्यात आहे. आजही ते लग्नात भेट दिलं जातं. या पुस्तकांनी लाखो घरांत वाचन नेलं, हे मान्यच करायला हवं. पण त्यांची दिशा एकच होती. सांगणारा पुरुष, ऐकणाऱ्या मुली. मुलींनी उलट काय सांगितलं, ते लिहायला त्यात पान नव्हतं.

ते पान मुंबईतल्या एका घराण्याने उघडलं. तय्यबजींचं घराणं. सुलेमानी बोहरा, मूळ खंबायतचं. बद्रुद्दीन तय्यबजी आपल्याला माहीत असतात ते मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक म्हणून. त्यांच्या खानदानातल्या घराघरांतून एक मोठी वही ठेवलेली असे. तिला म्हणत अखबार की किताब. १८७० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली आणि विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. घरातला कुणीही तिच्यात लिहू शकत असे. पुरुष, बायका, मुलं, आलेले पाहुणेसुद्धा. प्रवास, आजारपण, लग्नं, सहली, मुलांचं शिक्षण, घरातल्या चर्चा, सगळं त्यात यायचं. माथेरान आणि किहीमच्या सुट्टीतल्या घरांच्या वह्या वेगळ्या. आज आपण कुटुंबाच्या मोबाइल गटावर जे करतो तेच हे होतं, फरक इतकाच की ते टिकलं.

मला या वहीत तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली भाषेची. या कुटुंबाची जुनी भाषा गुजराती. उर्दू त्यांनी ठरवून घरात आणली आणि वह्यांतही हळूहळू गुजरातीची जागा उर्दूने घेतली. भाषा घरात रुजवायची तर ‘उर्दू बोला रे’ असं मुलांना सांगून भागत नाही. त्या भाषेत रोज करायचं एखादं खरं काम लागतं. आज कितीतरी कोकणी मुस्लिम घरांत मुलं उर्दू समजतात, थोडी बोलतात, पण त्यांना ती लिहिता येत नाही. मराठीचं उलट. परीक्षेपुरती लिहितात, घरात बोलत नाहीत. अशा घरात दोन्ही लिपींत चालणारी एक वही दहा शिकवण्यांपेक्षा जास्त काम करील, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, मोठी माणसंही लिहीत होती. मुलांना लिहायला बसवून आपण मोबाइल बघत बसलो तर मूल ओळखतं की हे काम लहानांना लावून दिलेलं आहे. जिथे वडील लिहितात, फूफी लिहिते, पाहुणा लिहितो, तिथे लिहिणं हा गृहपाठ राहत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. या घराने घरातलं शिक्षण शाळेच्या विरोधात उभं केलं नाही. स्वतः बद्रुद्दीन आधी दादा मखरा यांच्या मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनला, मग विलायतेला गेले. मुलींना घरी लिहायला लावलं, शाळेतही पाठवलं. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि पडद्याविषयी, स्त्रीशिक्षणाविषयी ते तिथे स्पष्ट बोलले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आपल्या दोन मुली इंग्लंडला हॅसलमियरच्या शाळेत धाडल्या.

याच गोतावळ्यातल्या अतिया फ़ैज़ी १९०६ मध्ये शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथून त्या रोजनिशीसारखा मजकूर घरी बहिणीला पाठवत. तो लाहोरच्या ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या साप्ताहिकात छापून आला आणि पुढे ‘ज़माना-ए-तहसील’ या नावाने पुस्तक झाला. त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही, पण पाहिलेलं रोज लिहून घरच्यांपर्यंत पोचवायची सवय घरातूनच आली असणार, असं मला वाटतं.

पक्षितज्ज्ञ सालिम अलीही याच परिवारातले. जन्म १८९६, आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात सांभाळ केला. शाळेत ते काही हुशार नव्हते, १९१३ मध्ये मॅट्रिक कसेबसे पास झाले. पण लहानपणी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा मामाने ‘अभ्यास कर’ म्हणून हाकलून दिलं नाही. मामालाही तो पक्षी ओळखता येईना, म्हणून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांना चिठ्ठी लिहून मुलाला तिकडे पाठवलं. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याच्याकडे मुलाला पोचवणं, हे पालकांचं मोठं काम आहे. घरी शिकवायला निघालेल्यांनी तर ते विसरूच नये.

आता कुणी म्हणेल, टीचर, ती बंगल्यांतली माणसं. किहीमला घर, हाताखाली नोकर, दारात गाडी. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तुमची वही कुठे ठेवू? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. माँटेसरींची पद्धत इथल्या परिस्थितीला आणि खिशाला बेतून कशी वापरायची, हा त्यांचा ध्यास. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. बालवाडी काढली, पण गरिबांची मुलं यायचीच नाहीत. लहान भावंड सांभाळायचं, गुरं राखायची, तर शाळेत कोण येणार? मग या दोघींनी शाळाच वस्तीत नेली. घरांच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरांमागे गेलेल्या मुलांसाठी माळावर भरली ती कुरणशाळा. साधनं कोणती, तर पानं, बिया, खडे, शंख-शिंपले. आधी मुलांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. पुढे कोसबाडला वारली मुलांमध्ये हे काम वाढलं. १९७५ मध्ये केंद्र सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना आणली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो, पण २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्हाच होता. अंगण कुणा एकाचं, शिकायला मुलं सगळ्यांची, हे आपल्या मातीत आधी झालेलं आहे.

म्हणून मला विचारणाऱ्या आयांना मी काय सांगते ते लिहिते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत शिक्षण मिळणं हा २००९ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो मुलाचा आहे, आपला नाही. फीच्या अडचणीसाठी तो हक्क सोडू नका. आपल्या पालिकेच्या शाळेत आधी जाऊन बघा. काही घरांना खरोखरच घरी शिकवावं लागतं. मुलाचं आजारपण असतं, सतत बदल्या असतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची वाट खुली आहे. पण एकट्याने हे काम करू नका. जिन्यावरची दोन-तीन घरं मिळून करा. एकीचं गणित चांगलं, दुसरीची मराठी, तिसरीच्या सासूला नस्तालीक लिपी सुरेख येते. मुलाला एका घरात रडू आलं तर दुसऱ्या घरात जाता यायला हवं. कल्याणच्या त्या मुलीला तेच मिळालं नव्हतं.

आणि ज्यांची मुलं शाळेत जातात, त्यांनीही एक वही आणावी. घरातल्या प्रत्येकाने आठवड्यातून चार ओळी तिच्यात लिहाव्यात. उर्दू, मराठी, कोकणी, जी येईल ती भाषा. शुद्धलेखन तपासायचं नाही, लाल पेन वापरायचं नाही. मुलाने अब्बांची तक्रार लिहिली तर ती खोडायची नाही, खाली अब्बांनी उत्तर लिहायचं. वाचायला पुस्तकं हवी असतील तर आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, मुलांना घेऊन जा.

शेवटी एक विनंती. कोकणातल्या, भिवंडी-कल्याणच्या जुन्या घरांत दादी-नानीच्या हातच्या वह्या अजून पेट्यांतून पडलेल्या असतात. औषधं, मसाल्यांची मापं, मुलांच्या जन्मवेळा, हिशेब, कधी एखादी नसीहत. लिपी वाचता येत नाही म्हणून घर बदलताना त्या रद्दीत जातात. तुमच्याकडे अशी वही असेल तर टाकू नका. वाचता येत नसेल तर जवळच्या उर्दू शाळेतल्या कुणा शिक्षकाकडे न्या आणि मुलाला सोबत घ्या. आपली पणजी काय लिहीत होती, ते त्याने तिच्याच अक्षरात बघू द्या.