अकरा नंबरची लाइन बंद पडली ती रात्र

रात्री 8.40. वर्ष 2006. मैत्रिणीचा लॅपटॉप, 256 एमबी रॅम, लिनक्सचं 2.6 कर्नल. डिस्क काठोकाठ भरलेली आहे. गावोगाव हिंडून तिने रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या आता बाहेरच्या यूएसबी डिस्कवर हलवायच्या आहेत.

8.50. इंटरप्टची यादी उघडली. अकराव्या ओळीत दाटी: दोन्ही कार्ड-स्लॉट, यूएसबी, साउंड, लॅनचं कार्ड. पीसीच्या जुन्या रचनेत उपकरणांनी प्रोसेसरला हाक मारायच्या अशा इंटरप्ट-लाइन 16च. कीबोर्डला 1, माउसला 12, डिस्कना 14 आणि 15 गेल्या की हाताशी फार थोड्या उरतात, म्हणून या बायोसने सगळी पीसीआय उपकरणं 11 वर बांधली. पीसीआयमध्ये हे चालतं. लाइन वाजली की प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या चिपला विचारतो. तिचीच हाक असेल तर काम उरकून तिला शांत करतो, नसेल तर 'माझी नाही' म्हणतो. सगळा कारभार या प्रामाणिकपणावर चालतो.

9.00. 'एमव्ही' कमांड दिली. यूएसबी 1.1 चा पोर्ट, सेकंदाला जेमतेम 1 एमबी. रात्र जाणार.

11.30. सुरळीत.

1.40. हलवलेल्या फाइल्सची यादी मैत्रिणीच्या गाइडना मेल करायची, पण लॅनची केबल दुसऱ्या खोलीत. वायफायचं कार्ड शोधून आणलं.

1.52. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये सरकवलं. ड्रायव्हरने चिप जागी केली आणि फर्मवेअरच्या फाइलची वाट बघत थांबला. ती फाइल डिस्कवर नव्हतीच. आपला हँडलर तो फर्मवेअर मिळाल्यावर नोंदवणार होता. माझ्या मते खरा गुन्हा या क्रमाचा. चिप लाइन ओढून बसली आणि तिला ओळखणारं कोणीच नाही. स्लॉट म्हणतो माझी नाही, यूएसबी म्हणतं माझी नाही, साउंड आणि लॅनही तेच. प्रोसेसर परतला की लाइन अजून वाजतेच आहे. पुन्हा तीच फेरी. कर्नल मोजत असतं: 1,00,000 इंटरप्टपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाले, तर लाइनच कापायची. नाहीतर अख्खं मशीन गोठेल.

एवढा आकडा भरायला वेळ लागला नाही. पडद्यावर ओळ आली, 'आयआरक्यू 11: नोबडी केअर्ड', आणि खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू 11'. कर्नलने योग्यच केलं. पण त्या लाइनवर यूएसबी डिस्कही होती.

1.53. डिस्कचा दिवा स्थिर. लिहिण्याचे एरर एकामागून एक. आता 'एमव्ही'चं गणित बघा. वेगळ्या डिस्कवर हलवताना तो फाइल कॉपी करतो आणि मूळ पुसतो, पण कॉपी झाली म्हणजे रॅममधल्या कॅशमध्ये पोचली, एवढंच. खरं लिखाण मागून होतं. दहा मिनिटांचं मोनो रेकॉर्डिंग सुमारे 50 एमबी, म्हणजे या पोर्टवर जवळजवळ मिनिटभराचं काम. शेवटच्या दोन फाइल्स लॅपटॉपवरून पुसल्या गेल्या होत्या आणि यूएसबी डिस्कवर पुऱ्या उतरल्या नव्हत्या.

2.05. कार्ड काढलं. कापलेली लाइन त्याने परत येत नाही. मशीन बंद केलं, कॅश गेली.

सकाळी 7. वायफायचा ड्रायव्हर काळ्या यादीत टाकून मशीन सुरू केलं. 11 नंबर व्यवस्थित चालू. पण लॅपटॉपच्या डिस्कवरची ईएक्सटी3 फाइलसिस्टिम फाइल पुसताना तिच्या ब्लॉकचे पत्तेही शून्य करते. डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करून वेव्ह फाइलचं शीर्ष शोधत बसलो. एका रेकॉर्डिंगची सुरुवातीची काही मिनिटं हाती लागली. दुसऱ्या रेकॉर्डिंगमधल्या बाईंच्या ओव्या मिळाल्या नाहीत.