छापील पत्र आणि त्याचे दुसरे रूप : काशीतील मराठी संपादकांच्या संदर्भात

काशीतील मराठी वस्तीचा इतिहास लिहिताना घाट, देवालये आणि अन्नछत्रे यांचीच गणना प्रथम होते. मणिकर्णिका घाटाचा १७९१ मध्ये अहल्याबाई होळकरांनी केलेला जीर्णोद्धार हे त्यातील ठळक उदाहरण होय. याच घाटावरून गल्ल्यागल्ल्यांनी वर येऊन चौक ओलांडला की मैदागिन भागात पराडकर स्मृतिभवन लागते. ते ज्यांच्या नावाचे आहे ते बाबूराव विष्णु पराडकर (१८८३-१९५५) काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ. त्यांची कीर्ती मात्र हिंदी पत्रकारितेची. दगडातील मराठी कर्तृत्व सहज मोजता येते, कागदावरचे तसे येत नाही. ते दुसऱ्या भाषेच्या खात्यावर जमा झालेले असते.

नियतकालिक छापील आणि महाजालीय अशा दोन रूपांत चालविण्याचा प्रश्न आज नवा म्हणून चर्चिला जातो. त्याची पूर्वपीठिका पाहण्यास काशीतील ही परंपरा उपयोगी पडते. १८४५ मध्ये राजा शिवप्रसाद यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘बनारस अखबार’चे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते हे मराठीच होते. शिळाछापावर निघणाऱ्या या पत्राची लिपी नागरी, पण भाषा फारसी-अरबी शब्दांनी भरलेली. लिपी कोणाची आणि भाषा कोणाची, या वादाची ठिणगी त्यातून पडली आणि १८५० मधील ‘सुधाकर’ हे काही अंशी त्याचेच उत्तर होते. म्हणजे पत्राचे बाह्यरूप आणि त्याचा आशय यांची फारकत काशीच्या पत्रसृष्टीत अगदी आरंभीच दिसते.

पराडकरांच्या बाबतीत हा प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहिला. ‘देशेर कथा’ या बंगाली ग्रंथाचे कर्ते सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे नातलग. कलकत्त्यात ‘हितवार्ता’, ‘भारतमित्र’ या पत्रांतून उमेदवारी आणि क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांमुळे स्थानबद्धता भोगून ते काशीत परतले. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये ‘आज’ हे दैनिक सुरू केले होते. पुढे त्याचे संपादकपद पराडकरांकडे आले. १९२५ मध्ये वृंदावन येथील हिंदी संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी जे भाकीत केले, ते हिंदीत वारंवार उद्धृत होते. पुढील काळातील पत्रे सुंदर छापलेली, सचित्र, मोठ्या खपाची होतील. परंतु त्यांत प्राण उरणार नाही आणि संपादकाचे आजचे स्वातंत्र्यही राहणार नाही, असा त्याचा आशय.

पाचच वर्षांनी या विधानाची उलट बाजू काशीत प्रत्यक्ष घडली. एप्रिल १९३० च्या वटहुकुमाने सरकारला छापखान्यांकडून आणि पत्रांकडून जामीन मागण्याचा अधिकार मिळाला. ‘आज’चे छापील प्रकाशन काही काळ थांबले. त्या अवधीत साइक्लोस्टाइलवर काढलेले बातमीपत्र वाचकांच्या हाती पडू लागले आणि त्याच सुमारास ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघाले. पराडकर त्याचे सूत्रधार होते. मेणकागदावर टोकदार लेखणीने अक्षरे कोरायची, रूळ फिरवून प्रती काढायच्या. काहीशे प्रतींनंतर मेणकागद निकामी. खिळे नाहीत, जुळारी नाही, कागदही जेमतेम. मात्र मोठे यंत्र नसल्यामुळे बिऱ्हाड हलवावे तसा हा छापखाना एका घरातून दुसऱ्या घरात नेता येई. मणिकर्णिकेकडे उतरणाऱ्या ज्या गल्ल्यांतून अहोरात्र तिरड्या जातात, तसल्या दाट वस्तीत कागदाचे चळत लपविणे कठीण नव्हते. संपादकाला सर्वांत मोकळा आवाज मिळाला तो सर्वांत ओबडधोबड रूपात.

यातील खरा भेद यंत्राचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. १८६७ च्या कायद्याने छापील पत्रावर मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे स्थळ नमूद करणे बंधनकारक केले होते. ती एक ओळ पत्राला प्रतिष्ठा देते आणि सरकारला पकडायला जागाही देते. ‘रणभेरी’ने सरकारला ती जागाच दिली नाही. वाचकांनी तरीही ते विश्वासाने वाचले, कारण लेखणी कोणाची हे काशीत ओळखले जात होते. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मार्च २०२४ पासून अमलात आला. त्याची नोंदणी छापील नियतकालिकांपुरतीच आहे. महाजालीय प्रकाशनांसाठी २०२१ चे वेगळे नियम आहेत. एकाच मासिकाच्या दोन रूपांना दोन कायदे, अशी ही स्थिती.

महाराष्ट्रातील ‘साधना’चे उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केलेल्या या साप्ताहिकाने २०१९ मध्ये ‘कर्तव्य साधना’ हे संकेतस्थळ काढले. नाव घेतले ते गुरुजींच्या १९४८ मधील अल्पायुषी ‘कर्तव्य’ या सायंदैनिकाचे. छापील अंकाची नक्कल न काढता त्याला स्वतंत्र लेखन देण्याचा निर्णय महत्त्वाचा वाटतो. ‘आज’ आणि ‘रणभेरी’ यांचे नातेही नकलेचे नव्हते.

फरक पडतो तो जपणुकीत. छापील अंकांच्या फायली ग्रंथालयांत राहिल्या. गुप्त पत्रके वाचून फाडली जात. जवळ सापडणे धोक्याचे होते. अशा साहित्यातील जे उरले त्याचा मोठा वाटा जप्त करणाऱ्यांनीच सांभाळला. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनचे ब्रिटिश ग्रंथालय येथील जप्तसाहित्याचे संग्रह त्यातून झाले आहेत. संकेतस्थळ बंद पडले की मात्र जप्तीचा शेराही मागे राहत नाही.